तळाशी ठेवलेलं पातळ

पिशवी भरावी तर यांनीच, असं आमच्या जळगावच्या गल्लीत माझ्याबद्दल बोललं जातं. कोणी लग्नाला निघालं, कोणी यात्रेला, की आधी माझ्याकडे येतं. परवा शेजारचे मास्तर आले होते. रिटायर झालेत, बायकोला घेऊन उत्तरेकडे चाललेत. दोन ट्रंका भरल्या होत्या आणि स्वेटर अजून बाहेरच होते. मी म्हटलं, दोन-तीन दिवसांत येऊन बघतो. ते गेल्यावर आत बायकोनं तवा जरा जोरात ठेवला. या विषयावर ती गेली बारा वर्षं एवढंच बोलते.

मी ऑइल इंजिनं विकणाऱ्या एका दुकानाचा फिरता माणूस. शेठजी मारवाडी, आजोबांच्या वेळेपासून इथलेच. आता माझं वय झालं, गुडघे दुखतात, तरी महिन्यातले पंधरा-वीस दिवस एस.टी.त जातात. सोमवारी धुळे, तिथून साक्री, मग परत येऊन बोदवड, मधेच असोद्याला कोणाचं तरी इंजिन उठत नाही म्हणून हाक. सकाळी विहिरीच्या काठावर डिझेलमध्ये हात, दुपारी तालुक्याच्या वकिलाकडे, कारण त्याचा मळा आहे, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी लग्न, तिथं न जेवता उठलं तर पुढचं इंजिन गेलं. शेठजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘आदमी ऐसा दिखना चाहिए के किसान भी पास बिठाए और वकील भी.’

त्यातून माझी पिशवी तयार झाली. तंबूच्या खाकी कापडाची, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेली, दोन बंद, आत एक कप्पा. पँट एकच, राखाडी, कारण राखाडीवर तेलाचा डाग आणि धूळ दोन्ही सारखेच दिसतात. सदरे दोन. एक टेरिलीनचा, रात्री धुतला की सकाळी अंगात. दुसरा पांढरा सुती, त्याच्या घडीत वर्तमानपत्राचा कागद, म्हणजे मोडत नाही. पांढरा लेंगा झोपायलाही चालतो आणि वर कोट घातला तर मांडवातही चालतो. एक धोतर, एक टोपी. टॉवेल घ्यायचा नाही, पंचा घ्यायचा, तो उन्हात डोक्याला होतो. चादर गुंडाळून तीच उशी. प्रत्येक कपडा किमान दोन कामांना आला पाहिजे, असा माझा नियम. एकाच कामाचा कपडा मला ओझं वाटायचा.

धोतर आणि टोपी मात्र एकाच कामाला लागायची, पण ते काम कधीही निघायचं. फिरतीत कुठल्याही गावी कळायचं की अमक्याचे वडील गेले. मग दारावर जावं लागतं. रंगीत सदऱ्यानं, उघड्या डोक्यानं कसं जाणार? पिशवीच्या अगदी तळाशी, कागदात गुंडाळून धोतर-टोपी कायमची असत. मला त्यात काही वाटेनासं झालं होतं. इंजिनाच्या पेटीत पाना असतो, तसं ते.

बायको भडगावची. तिच्या माहेरी शेती, गिरणेकाठी मळा. वडील लहानपणीच गेलेले. मोठा भाऊ, वहिनी आणि आई. आई म्हणजे माझी सासू, बारीक चणीची, हळू बोलणारी बाई. तिची एक रीत होती. लेक माहेरी आली की हातपाय धुवायच्या आत तिची पिशवी खाटेवर घ्यायची आणि एकेक पातळ काढून बोटांनी चाचपायची. काठ कुठं उसवलेत, झंपर कुठं जुनं झालंय. तोंडानं विचारायची नाही की जावई नीट ठेवतो का. पिशवीवरून तिला कळायचं. उसवलेलं काही निघालं तर शिवून ठेवायची, परत निघताना सगळं आपल्या हातानं भरायची आणि वर नवं काहीतरी घालायची. बायको याची चेष्टा करायची, म्हणायची, आमच्या माहेरी जकात नाका आहे. पण जायच्या आदल्या दिवशी स्वतः सगळे काठ तपासायची.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मेव्हण्याचं कार्ड आलं. आईला बरं नाही, अन्न जात नाही, भेटून जावे. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना हात हलका ठेवतात. अंगावरचं एक आणि बदलायला एक, बस्स. जास्त कपडे नेले तर आजारी माणसाला वाटतं, ही मंडळी राहायलाच आली, म्हणजे माझं काही खरं नाही. बायकोनं तसंच केलं. साध्या कापडी पिशवीत एक फुलांचं पातळ टाकलं, मोसंबी बांधली आणि नळाला पाणी आलं म्हणून बाहेर गेली.

मी धुळ्याहून चार दिवसांनी आलो होतो. दिवाळी झालेली, रब्बीसाठी इंजिनांना मागणी, शेठजी एक दिवसही सोडायला तयार नव्हते. भडगावला माझं काम होतंच, म्हणून तिला सोबत नेता येणार होतं. मी खाटेवर बसून हिशेब केला, रजेचा. आता न्यायचं, तीन दिवसांनी आणायचं. मग तार आली की पुन्हा पळायचं. कार्डावरून मला वाटलं होतं, आठवडाभराचंच आहे. मग ती दुसरी खेप कशाला? तिनं तिथंच राहावं. जे व्हायचं ते होईल, दिवसकार्य, गंधमुक्ती उरकूनच परत येईल.

तिची कापडी पिशवी मी माझ्या खाकी पिशवीत रिकामी केली. तिच्या ट्रंकेतून आणखी दोन पातळं काढली. आणि ट्रंकेच्या बाजूला वेगळं ठेवलेलं एक पातळ घेतलं. फिकं, पांढुरकं, काठ जेमतेम बोटभर. दारावर जायचं असेल तेव्हाच ती ते नेसायची, आल्यावर धुऊन पुन्हा वेगळं ठेवायची. मी त्याची छान घडी केली, कागदात गुंडाळलं आणि तळाशी, माझ्या धोतर-टोपीशेजारी ठेवलं. वरून बाकीचं. सुरकुती म्हणून कुठं नव्हती. पाणी भरून आली तेव्हा तिनं विचारलं, एवढी मोठी पिशवी कशाला? मी म्हटलं, माझेही कपडे आहेत त्यात.

तिला सांगितलं नाही. वेळ आली की सापडेल आणि बरं वाटेल तिला, असंसुद्धा मनात आलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच होतं. आपण फार नीटनेटकं काम केलं याचं मला समाधान होतं.

पाचोऱ्यावरून दुपारी पोचलो. मी माझे कपडे वेगळे न काढता, पिशवी तशीच ओसरीवर ठेवून मळ्यांकडे निघून गेलो. संध्याकाळी आलो तर सासूबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे जागे. लेक आल्यावर वाटीभर पेज घेतली म्हणून घरात सगळे खुशीत होते. मेव्हणे म्हणाले, दोन दिवसांनी आज बसलीय. मला चहा आला. सासूबाई लेकीला म्हणाल्या, ‘देखू दे व, काय काय लई उनी.’

पिशवी खाटेवर आली. त्यांच्या हातात जोर नव्हता, म्हणून वहिनी माझे कपडे बाजूला सारून एकेक पातळ त्यांच्या मांडीवर ठेवत होती. फुलांचं पातळ आलं. दुसरं आलं, तिसरं आलं. बायको जराशी गोंधळलेली दिसली, कारण ही दोन तिनं घेतलीच नव्हती. मग वहिनीच्या हाताला कागद लागला. तेव्हा मला उठता आलं असतं. तो माझा कागद आहे, असं म्हणून पिशवी घेता आली असती. मी बशीत चहा ओतत होतो. वहिनीनं कागद उलगडला आणि ते पांढुरकं पातळ सासूबाईंच्या मांडीवर, बाकीच्यांवर ठेवलं. ठेवल्यावर तिलाही कळलं, हे काय आहे. तिनं हात मागं घेतला.

सासूबाईंनी सवयीनं काठ चाचपला. मग बोटं थांबली.

‘बठ्ठंच लई उनी का व माय?’ त्या म्हणाल्या. सगळंच घेऊन आलीस का, एवढंच. राग नव्हता आवाजात.

मेव्हण्यांनी विचारलं, ‘पिशवी कोनी भरी?’

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, एकदाच. माझं लक्ष बशीत. गल्लीतून गाडी गेली तिच्या चाकांचा आवाज अजून आठवतो, म्हणजे तेवढा वेळ होता. मग ती म्हणाली, ‘मीच भरी.’

जावयाचा अपमान सासरच्या घरात होऊ नये, म्हणून ती तसं म्हणाली असेल. किंवा मी बोलेन याची वाट पाहून थकली असेल. मी कधी विचारलं नाही. मी चहा प्यायलो. तो पूर्ण प्यायलो, हेही सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो तेव्हा तीही निघाली. राहा म्हणून कोणी आग्रह केला नाही. सासूबाईंनी नेहमीसारखी पिशवी भरून दिली नाही, वर काही घातलंही नाही. एस.टी.त ती खिडकीशी बसली. जळगाव येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं.

सासूबाई त्यानंतर आठ महिने जगल्या. आठवडाभराचा माझा अंदाज होता. त्या आठ महिन्यांत वहिनीनं गल्लीत सांगायचं ते सांगितलं, की लेक आईला भेटायला आली ती पांढरं घेऊनच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी तिला बोलावणं आलं नाही. मी तेव्हा धुळ्याला होतो. आलो तर ती एकटीच सांजोऱ्या करत होती. बोलावणं आलं का, असं मी विचारलंसुद्धा. तिनं नुसती मान हलवली.

तार आली तेव्हा पाऊसकाळ लागलेला होता. मी पिशवी काढली. ती चुलीपुढून उठली आणि अंगावर होतं त्या पातळावर चालू लागली. पिवळं, मोठ्या फुलांचं. मी म्हटलं, अगं, ते पांढरं घे. ती म्हणाली, ‘ते नेऊन झालंय एकदा.’ दारावर सगळ्या बायका फिक्यात आणि ही मधोमध पिवळ्यात बसली. तिच्या मावशीनं शेवटी आपली जुनी चादर तिच्या खांद्यावर टाकली. बायका पुन्हा बोलल्या. तेव्हा आणलं होतं, आता नाही आणलं, असं. माझं धोतर पांढरंशुभ्र होतं. टोपीला घडीची खूणही नव्हती.

त्यानंतर माहेर सुटलंच म्हणायचं. मी माझ्या पिशव्या भरत राहिलो, लोकांच्याही भरून दिल्या. ती कुठं गेली तर एक कापडी पिशवी, एक पातळ. मी हात लावलेला तिला चालत नाही.

गेल्या महिन्यात भडगावला मेव्हण्यांच्याच शेजारच्या मळ्यात इंजिन बसवायचं होतं. काम झाल्यावर त्यांच्याकडे गेलो. ते एकटेच होते, केळीची सोपटं सोलून दोऱ्या वळत होते. मी कसं बोललो ते मला नीट आठवत नाही. पाठ केलेलं सगळं गेलं. एवढंच म्हटलं, भाऊ, ती पिशवी मी भरली होती. तिला माहीत नव्हतं. कुठली, असं त्यांनी विचारलं नाही. हातातली दोरी पुरी वळली, गाठ मारली.

‘आते कोनले सांगतस, पाव्हना? माय ते गयी.’

मग त्यांनी विचारलं, बहिणीजवळ तरी कधी कबूल केलं का? मी नाही म्हटलं. आधी ते करा, म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले.

घरी आलो. ती ताटात तूर निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, भडगावला भाऊंना सांगून आलो, पिशवी मी भरली होती म्हणून. तुझा त्यात काही दोष नव्हता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

तिनं हातातले खडे बाजूला टाकले.

‘आईनं मला पहाटे परत विचारलं होतं,’ ती म्हणाली. ‘एकटीला. खरं सांग म्हणाली, तू भरली का? मी तिलाही मीच म्हटलं.’

का, असं मी विचारायच्या आत तीच म्हणाली, ‘दुसरं नाव घेतलं असतं तर लेक कोणाच्या घरात दिली, याचाच घोर घेऊन गेली असती.’

मग ती पुन्हा तूर निवडू लागली. पाय दुखायला लागले तेव्हा बसलो.

आता आखाजी आठवड्यावर आहे. काल मेव्हण्यांचं कार्ड आलं, तिच्या नावानं. बहिणीनं चार दिवस यावं, वहिनीलाही सगळं सांगितलं आहे. तिनं कार्ड दोनदा वाचलं. जाणार का, मी विचारलं नाही. आज दुपारी पाहतो तर ट्रंक उघडी होती आणि कापडी पिशवीत फुलांची दोन पातळं कोंबलेली होती, एक उलटं, काठ आत मुडपलेला. माझे हात शिवशिवले. तिनं ते पाहिलं असावं.

‘असू दे,’ ती म्हणाली. ‘तिथं उघडतीलच.’

मी बाहेर आलो. मास्तरांना निरोप पाठवला, की या वेळी तुमचं तुम्हीच भरा, मला जमणार नाही.