'ग्राहकाने काय केले?'

ठक्क! ठक्क! ठक्क!

मागावर इकडून तिकडं धावणारा धोटा पेटीत नीट जाऊन बसला की असा आवाज यायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी तीस वर्षं जॉबर होतो, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. चोवीस मागांच्या गोंगाटात एखादा ठक्क जरा पोकळ आला तरी मी दारातूनच सांगायचो, "सात नंबर थांबवा."

कारखाना बंद पडला. आता मी एका लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शिपाई आहे. टोकन द्यायचं, चहा आणायचा, आणि फुगलेली बॅटरी निघाली की मागच्या मोकळ्या जागेत वाळूच्या बादलीत नेऊन ठेवायची. शाळा माझी चौथीपर्यंत. बोलणं सावकाश. माझं वाक्य पुरं होईपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो! त्यामुळं ऐकलेलं सगळं आत साठत गेलं. घरी एक किस्सा सांगायला घेतला की त्याचा हात धरून दुसरा येतो. घरचे हसतात. मीही हसतो. पण हसून झालं की राग येतो, तो काही जात नाही.

*

आमच्या काउंटरवर एक फॉर्म असतो. त्यातला पहिलाच रकाना, 'ग्राहकाने काय केले?' म्हणजे माणूस दारातून आत आला तोच आरोपी!

अकलूजहून एक मास्तर आले. लॅपटॉपचं झाकण बसत नव्हतं, खालून पोट सुटलेलं. आमचे मॅनेजर गिरीशसाहेब. त्यांनी पेन उघडलं.

"पाडला का?"

"न्हाय."

"पाणी सांडलं?"

"न्हाय."

"उन्हात ठेवला?"

"कपाटात असतो की."

"मग फुगला कसा?"

"आवो, त्येच इचारायला अकलूजवरनं आलोय की साहेब!"

गिरीशसाहेबांनी रकान्यात लिहिलं, 'ग्राहक कारण सांगत नाही.'

मला मागाचं काम शिकवणारे माझे उस्ताद आठवले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, माग बिघडला की विणकराला 'काय केलंस?' असं विचारायचं नाही. 'कधीपासून?' असं विचारायचं. 'काय केलंस?' म्हटलं की माणूस घाबरतो, काहीतरी खोटं बोलतो, आणि बिघाड सापडायचा राहून जातो.

*

सायकल-पंक्चरचं दुकान असलेले एक काका मुलीचा लॅपटॉप घेऊन आले. समीर आमचा इंजिनिअर, गुणी पोरगा. त्यानं मागचं कव्हर उघडलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म!

काकांना हायसं वाटलं. "हात्तिच्या! हवाच भरलीय न्हवं? सुई द्या हिकडं. ह्ये तर आमचं रोजचं काम हाय."

आणि त्यांनी शर्टाची सेफ्टी पिन काढलीसुद्धा!

समीर ओरडला, "अरे चाचा, हात मत लगाओ! टोचे तो आग लगेगी!"

काकांनी हात मागं घेतला. पिन पुन्हा शर्टाला लावली. मग हळू आवाजात म्हणाले, "टोचलं तर आग लागती. आन ही वस्तू माझी पोरगी सा म्हैनं मांडीवर घिऊन अभ्यास करतीय व्हय?"

मी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली, न्हाऊ घातलेलं बाळ न्यावं तशी, आणि वाळूत ठेवून आलो.

*

अंबिका आली तेव्हा तिच्या वॉरंटीचे तीन आठवडे उरले होते.

आमच्याच कारखान्यातल्या एका विणकराची ही मुलगी. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. लॅपटॉपवर चादरींची डिझाइनं काढते. मोर, कमळ, नवी नक्षी, सगळं. एका चादरवाल्याकडं तिला आठवड्याला दोन डिझाइनं द्यावी लागतात. वडिलांचं काम सुटल्यापासून घर त्या एका मशिनवर उभं आहे.

समीरनं पट्टी लावून सूज मोजली, फोटो काढून कंपनीला पाठवला. उत्तर आलं, सूज ठरलेल्या मापापेक्षा कमी आहे, हे नॉर्मल समजावं.

"म्हंजे आनखी फुगली की यायचं?" अंबिकानं विचारलं.

"हां, तसंच समजा," गिरीशसाहेब म्हणाले.

"तोपर्यंत वापरू का?"

"वापरू नका. डेंजर असतं."

"आत्ताच नॉर्मल म्हनलात की सर!"

गिरीशसाहेबांनी पुढचं टोकन पुकारलं.

*

दुसऱ्या खेपेला तिचा लॅपटॉप मापापेक्षा जास्त फुगलेला होता. अंबिका जवळजवळ खुशीत होती. सुजलेलं मशिन बघून माणसानं खूश व्हावं, ही कसली तऱ्हा!

आता कंपनी म्हणाली, पुण्याला तपासणीसाठी पाठवा.

मी स्वतः तिच्याबरोबर कुरियरच्या ऑफिसात गेलो. कुरियरवाल्यानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला.

"फुगलेली बॅटरी न्हाय घेत आमी. गाडीत भडकली म्हंजे? धोक्याचा माल हाय ह्यो."

"असं लिहून द्याल का?" अंबिकानं विचारलं.

त्यानं बिचाऱ्यानं लिहून दिलं, शिक्कापण मारला. तो कागद गिरीशसाहेबांनी कंपनीला पाठवला. उत्तर आलं, बॅटरी धोकादायक असल्याचं आमच्या तपासणीत आढळलेलं नाही. आणि तपासणी का झाली नाही? कारण माल पोचला नाही!

त्या दिवशी मी चहाचे कप जरा जोरातच आपटले. समीर म्हणाला, "क्या मामा, आज गुस्सा?"

मी म्हणालो, "व्हय." त्या महिन्यात मी तेवढंच मोठ्यानं बोललो असेन.

*

तिसरी खेप. बॅटरीनं आतून रेटून कीबोर्डखालची बोट फिरवायची पाटी वर उचलली होती, आणि पाटीला तडा गेला होता. फोटो गेला. उत्तर आलं, 'तडा म्हणजे बाहेरून पडलेला दाब. वॉरंटी लागू नाही.'

आधी कमी फुगली म्हणून नाही. आता जास्त फुगली म्हणून नाही!

अंबिका बाकावर बसली. रडली नाही. "मामा," म्हणाली, "भ्या वाटतं म्हनून चार्जर काढून काम करते मी. ईस मिंटं चालतंय, मग बंद. एक मोर काढायला चार दिवस लागले. चादरवाले म्हनले, सोमवारी डिझाइन न्हाय आलं तर दुसऱ्याला देतो."

मला तिला सांगायचं होतं की तुझी चूक नाही. त्याच महिन्यात मी त्याच मॉडेलच्या पाच बॅटऱ्या वाळूत ठेवल्या होत्या. सगळ्या मागांना एकाच फिरत्या दांड्यावरून, म्हणजे शाफ्टवरून, पट्टा असतो. पाच मागांना एकाच वेळी एकच दुखणं झालं, तर ते मागांचं नसतं, शाफ्टचं असतं. विणकरांना दोष देत बसलो असतो, तर उस्तादांनी मला कारखान्याबाहेर काढलं असतं.

पण हे सगळं जुळवून बोलेपर्यंत ती पायऱ्या उतरून गेली.

*

शनिवार, अंबिकाच्या वॉरंटीचा शेवटचा दिवस. नेमके त्याच दिवशी पुण्याहून कंपनीचे मोठे साहेब आमचं सेंटर तपासायला आले. अंबिका सकाळपासून बाकावर, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवलेला.

साहेबांनी काउंटरवर स्वतःचा लॅपटॉप उघडला, तिचा अर्ज पाहिला आणि म्हणाले, "रिजेक्ट बरोबर आहे. बाहेरून दाब दिलाय."

मी चहा ठेवत होतो. साहेब बोटानं आपल्या लॅपटॉपची पाटी दाबत होते. दाबली की टिक आवाज येतो तिथून. येत नव्हता. त्यांनी पुन्हा दाबली, आणखी जोरात. पोकळ आवाज. सात नंबरचा माग!

"साहेब," मी म्हणालो.

"हं, ठेवा इथं."

"साहेब... तुमचा... कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी नेहमीसारखाच सावकाश बोललो. पण साहेबांना जायला जागा नव्हती, काउंटरबाहेर पडायची वाट मीच अडवून उभा होतो. "टिक वाजत नाही, ते."

साहेब थांबले. "झाला असेल महिना. का?"

"झाकण... बसतं का?"

त्यांनी झाकण लावलं. बसलं नाही. मधे करंगळी जाईल एवढी फट!

समीर धावत आला. अंबिका उठली, तिनं टॉवेल सोडला आणि आपला लॅपटॉप साहेबांच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. तेच मॉडेल, तोच रंग, तेच सुटलेलं पोट.

गिरीशसाहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सर, पाडला होता का?"

"नाही हो!"

"पाणी वगैरे..."

"अहो, बॅगेत असतो माझ्या! मी काय केलंय त्याला?"

"माझा पन घरातच असतोय, सर," अंबिका म्हणाली.

समीर माझ्या कानाशी पुटपुटला, "मामा, बालटी लाओ. बडी वाली."

मी बादली घेऊन आलो तेव्हा साहेबांनी अंबिकाच्या अर्जावरचा रिजेक्टचा शेरा आडवी रेघ मारून खोडला होता. खाली लिहिलं होतं, 'बॅटरी व पाटी आजच बदलून द्यावी. वॉरंटीत.' आणि सही. अंबिकानं तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडं पाहिलं.

मग साहेबांनी गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म ओढला. वर स्वतःचं नाव लिहिलं. आणि पहिल्या रकान्यावर पेन टेकवलं.

'ग्राहकाने काय केले?'

पेन तिथंच राहिलं. शाई पसरून त्या जागी एक ठिपका झाला. गिरीशसाहेब छताकडं बघत होते.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म तसाच लॅपटॉपवर ठेवला. माझ्यापुढं हात केला. मी टोकन दिलं. ते मुठीत धरून साहेब पायऱ्या उतरून गेले.