रिजेक्ट कुठं ठेवायचं?

चेकरबाई कोणतीही वस्तू उजेडात धरून पाहिल्याशिवाय घेत नसत. अंडं, तेलाची बाटली, दहाची नोट, सगळं आधी सूर्याकडे. एकदा गुलमंडीत त्यांनी दुकानातलं नवं पातळ थेट रस्त्यावर आणलं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं धरून त्या मागे मागे जात राहिल्या. रिक्षा थांबल्या, दुकानदार धावत आला. मी लाजून पदर नाकापर्यंत ओढला. बाईंनी पातळ घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, “तिसऱ्या हाताला धागा तुटलाय. रिजेक्ट.”

त्या चिकलठाण्याच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासायला होत्या. समोर उजेडाची पेटी, तिची पाठ अर्धी काळी, अर्धी पांढरी. पांढरा कचरा काळ्यापुढे दिसतो आणि काळा पांढऱ्यापुढे, हे त्यांनीच मला समजावलं. चांगली बाटली पास, नाहीतर रिजेक्ट. घरीही त्या हे दोनच शब्द वापरत. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत त्यांच्या हातून रिजेक्ट न झालेली भाजीवाली नव्हती. आमच्या मालकांना त्या काठावर पास म्हणत, आणि मालकांना त्याचाही आनंद होई.

एकदा कारखान्यात नवा माल आला. साहेब म्हणाले, तपासा. बाई हाताची घडी घालून बसून राहिल्या. “रिजेक्ट कुठं ठेवायचं ते सांगा, मग तपासते,” म्हणाल्या. रिजेक्ट माल फोडायचा, धुऊन घ्यायचा की परत पाठवायचा, हे कोणीच ठरवलं नव्हतं. साहेब रागावले, मोठ्या साहेबांना बोलावलं, अर्धा दिवस काम बंद राहिलं. शेवटी एक वेगळं पिंप आणून ठेवलं, तेव्हा बाईंनी पहिली बाटली उचलली. ही गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल. मला तेव्हा ती नुसती गमतीची वाटे.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी लोक रस्त्यावर उतरले होते ते दिवस. बाई एकही मोर्चा चुकवत नसत. क्रांती चौकात एकदा पुढे चालणाऱ्या माणसाच्या फलकावर ‘नामातर’ लिहिलेलं त्यांना दिसलं. त्यांनी त्याला तिथंच थांबवलं, डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि राहिलेलं टिंब दिलं. मागचा सगळा मोर्चा तेवढा वेळ उभा. “मागायचं तर नीट मागावं,” असं त्यांचं म्हणणं.

त्याच वर्षी मला दिवस गेले. मी बेचाळीस वर्षांची होते. थोरल्या लेकीला सातवा महिना होता आणि मला चौथा. मी लाजेनं घराबाहेर पडेना. कोणी विचारलं तर वायू धरलाय म्हणायची. बाईंनी नळावर एकदा मला हंडा उचलताना पाहिलं आणि हळूच कानात म्हणाल्या, “हा वायू हातपाय घेऊन येणार दिसतो.”

दुसऱ्या दिवशी त्याच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात मूल मतिमंद असण्याची भीती जास्त असते. मुंबईला एक तपासणी होते; पोटात सुई घालून पाणी काढतात आणि ते तपासतात. त्यानं कधी कधी मूल पडतंही. काय ते लवकर ठरवा.

ठरवणार कोण? मालक म्हणाले, तू म्हणशील तसं. मी तर आजवर स्वतःच्या बांगड्यांचा रंगही ठरवला नव्हता. पैठणहून नणंद आली. त्या सुईनं पोरगा की पोरगी तेही कळतं म्हणे, असं म्हणत ती पिशवीच भरायला लागली. चेकरबाई तिला म्हणाल्या, “आक्का, तुम्ही पैठणच्या गाडीत बसा. मुंबईची तुमच्यासाठी नाय.” नणंद रुसून दोन दिवस जेवली नाही. म्हणजे आमच्यासमोर जेवली नाही.

जगातली प्रत्येक वस्तू तपासणारी बाई, त्यामुळे त्या जायलाच सांगणार असं सगळ्यांनी धरलं होतं. बंद पुकारला गेला म्हणून गाड्या दोन दिवस थांबल्या होत्या. तिसऱ्या दिवशी बाई रजा टाकून, पिशवीत दशम्या घेऊन दारात हजर. मी म्हणाले, “बाई, तुम्हीच सांगा. तपासू का?”

“मला काय विचारती? रिजेक्ट निघालं तर कुठं ठेवणार, ते सांग आधी.”

मी म्हणाले, “घरातच. आणखी कुठं?”

“लई कष्ट हायेत, मालन. तू म्हातारी होशील, ते लेकरूच राहील.”

“घरातच.”

“मग सुई कशाला टोचून घेती?” असं म्हणून त्यांनी पिशवीतल्या दशम्या काढल्या. आम्ही उंबऱ्यातच बसून खाल्ल्या. खाता खाता त्या म्हणाल्या, “तुझं उत्तर दुसरं असतं, तरी मी संगं आले असते. ज्या बाईला झेपत नाय तिनं जावं. तिला नावं ठेवणारी मी कोण?”

सुमन झाली. डॉक्टरीणबाईंनी तिचे डोळे पाहिले, तळहात पाहिला आणि ज्याची भीती होती तेच हळू आवाजात सांगितलं. नणंद तोंडाला पदर लावून बसली. तेवढ्यात बाई पाळी संपवून कारखान्यातून थेट आल्या. त्यांनी सुमनला उचललं आणि खिडकीकडे निघाल्या. खिडकीपाशी जाऊन त्यांनी उन्हाकडे पाठ केली आणि सुमनच्या तोंडावर आपला पदर धरला.

“डोळ्यावर उजेड येतोय लेकराच्या,” त्या म्हणाल्या. “आणि बघत काय बसलात? पास हाय.”

सुमन शाळेत तिसरीपर्यंत गेली. माझ्यापेक्षा एकच इयत्ता कमी. विद्यापीठाला नवं नाव मिळालं तेव्हा बाई फाटकापर्यंत जाऊन फलक बघून आल्या; टिंब जागेवर आहे, म्हणाल्या. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढले. मग सुमन त्यांच्या वतीनं वस्तू उजेडात धरायची. अंडं, पास. किडकं वांगं, पास. “नीट बघ गं,” बाई ओरडायच्या. सुमन पुन्हा नीट बघायची आणि म्हणायची, पास. बाई कपाळाला हात लावायच्या आणि वांगं ठेवून घ्यायच्या.

बाई गेल्या, त्या दिवशी सुमननं त्यांचा चष्मा उचलून खिडकीत धरला. दोन्ही काचांवर ओरखडे होते, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं बराच वेळ पाहिलं.

“पास,” ती म्हणाली, आणि चष्मा आपल्या डोळ्यांवर चढवला. अजून काढलेला नाही.