कानात घालून केलेला अभ्यास

सहावीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे मुलगी अभ्यास करते की नाही हे मला बघून कळत नाही. पुस्तक उघडं दिसलं की जरा धीर यायचा. आता तेही नाही. वनस्पतिशास्त्राचा पेपर तिचा राहिलाय. यंदाही राहिला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. आणि ही कुणा प्राध्यापकाचा पॉडकास्ट कानात लावून माझ्यासोबत बांगडे साफ करायला बसते. "अभ्यासच चाललाय, आई." मला काय कळतंय त्यातलं?

लातूरकडून आम्ही मालवणात आलो तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेनं आम्हाला घरामागची खोली दिली, मला त्यांच्या खानावळीत काम दिलं. सगळे त्यांना टीचर म्हणतात. आधीच इतके उपकार, आणखी काही विचारायचं तर जीव कसनुसा होतो. तरी मागच्या आठवड्यात विचारलंच, "टीचर, नुसतं ऐकून अभ्यास होतो का हो?"

"आमी ल्हानपणी क्रुसाफुडे लॅटिन प्रार्थना म्हणाचो गो. आजूनय सगळी पाठ आसा. अर्थ विचारशीत, तर माका ठावक नाय." मग टीचर माझ्या मुलीकडे वळल्या. "काढ ता कानातला. बांगड्याक मीठ लावल्यार पाणी कित्याक सुटता, ता आवशीक सांग."

मुलगी माझ्याकडे बघून घडाघडा बोलली. पेशीचा पडदा, सौम्य द्रावण, तीव्र द्रावण. मधे थांबायची तेसुद्धा त्या प्राध्यापकासारखीच. मला वाटलं, येतंय हिला. त्या आनंदात बोलून गेले, "मग पाणीच का बाहेर येतं? मीठ का आत जात नाही?"

ती थांबली. "तसं... त्यात सांगितलं नव्हतं."

माझ्या अडाणी प्रश्नानं पोरीचा धीर खचला तर?

ती हात धुऊन पायरीवर जाऊन बसली. तोच भाग पुन्हा लावला, पण थांबवून थांबवून, वहीत आकृती काढत. पुस्तकही उघडलं. अर्ध्या तासानं येऊन म्हणाली, "पडद्यातून पाणी सहज जातं, मीठ तसं जात नाही. कळलं?"

"अर्धं."

"कुठलं अर्धं?"

आता रोज एक भाग ऐकला की माझ्यापुढे बसते आणि म्हणते, "विचार." मी विचारते, मनात येईल ते. सोमवारी पेपर आहे. काढणारा माणूस शिकलेला; तो असलं काही विचारत असेल का, कोण जाणे.