मोटारचाचा आणि माझ्या चाळीस विहिरी

मोटारचाचांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, विहिरी मात्र पक्क्या राहत. राळेगावच्या रस्त्यावर त्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानासमोर कुणी गाडी लावली की ते मान वर न करता म्हणायचे, "ये बावन्न फूट, बस." बावन्न फूट म्हणजे तेवढ्या खोल विहिरीचा मालक. सोबत जावई असला तर तो आपोआप 'बावन्न फुटाचा जावई'. कुणी रागवायचं नाही, कारण त्या विहिरीतली जळालेली मोटार चाचांनीच दोन-तीनदा वर काढून बांधून दिलेली असायची.

मी दारव्ह्याची. बाहेर राहून पाणी व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि भूजलाचे आराखडे करणाऱ्या एका प्रकल्पात वर्षाच्या करारावर राळेगाव तालुक्यात आले. वर्षाअखेर यवतमाळच्या समितीने माझा अहवाल मान्य केला तर नोकरी पुढे चालू, नाहीतर घरी. आणि घरी आई बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन टपूनच बसली होती! पहिल्याच आठवड्यात माझ्या मोजपट्टीचं वजन तुटून विहिरीत पडलं, म्हणून लोकांनी मला चाचांकडे धाडलं. त्यांनी पट्टीला एक जुना नट बांधून दिला आणि विचारलं, "इतकं शिकून विहिरीत दोरी सोडाले आली तू?" स्वतःच्याच प्रश्नावर ते एवढे हसले की बशीतला चहा सांडला.

मग रोज जाता-येता दुकानात टेकायची सवय लागली. चाचा काम करता करता बोलत, आणि आपल्या चुका तर हौसेने सांगत. "मी बांधलेली मोटार जळली त मीच सांगतो, माया हातची हाय. लोक मंग मायाच जोळ येते," हा त्यांचा धंद्याचा एकमेव नियम होता.

हिवाळ्यात एका गावातल्या चाळीस विहिरी मी मोजल्या. एका आठवड्यात नाल्याचा अलीकडचा काठ, पुढच्या आठवड्यात पलीकडचा. अलीकडचं पाणी भलतंच खाली गेलेलं निघालं. मी अहवालात लिहून टाकलं की या काठावर यापुढे नवीन विहिरीला परवानगी देऊ नये. रंगीत नकाशा काढला आणि शाबासकी मिळेल म्हणून आधी चाचांना दाखवला.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "अलीकडं गेलती तवा लाइन कव्हाची होती?"

मी वही चाळली, विजेची नोंदच नव्हती. आमच्याकडे शेतीची वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हे मला लहानपणापासून ठाऊक, तरी डोक्यात आलंच नाही.

"त्या हप्त्यात अलीकडं दिवसाची लाइन होती. समद्याइच्या मोटारी हरभऱ्यावर चालू. अन् पलीकडं गेली तवा तिकडं रातची लाइन. दुपारी विहिरी आराम करून, पानी भरून बसल्या होत्या. तुयं मोजमाप नाही चुकलं बेटा, टाइम चुकला."

"मंग पह्यले काहून नाही सांगतलं?" मी ओरडलेच.

"तू पह्यले विचारलं काहून नाही?"

समितीपुढे अहवाल ठेवायला पंधरा दिवस उरले होते. मला रडू आलं, लाज वाटली आणि त्याहून जास्त चाचांचाच राग आला. दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरचा फटफट आवाज आला. दारात चाचा. "रुसनं झालं असंन त चाल. चाळीस विहिरी हायेत."

मग सुरू झाले त्यांचे फोन. "हॅलो, पस्तीस फूट? आज रातीपासून उद्या दुपारपर्यंत मोटार लावू नको, पोट्टी मोजाले येते. नाही आयकलं त जळल्यावर मले फोन करू नको!" एकजात सगळ्यांनी ऐकलं. दहा दिवसांत चाळीसच्या चाळीस विहिरी पुन्हा मोजून झाल्या, आणि दोन्ही काठांचं पाणी जवळपास सारखंच भरलं. पहिला अहवाल गेला असता तर अर्ध्या गावाच्या नव्या विहिरी माझ्या एका चुकीने अडल्या असत्या.

यवतमाळला समितीपुढे मी आधी माझी चूक सांगितली. मग एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे विजेच्या पाळीचं तुम्हाला कुणी दाखवलं?" मी चाचांचं नाव सांगितलं, दुकानाच्या पत्त्यासकट. अहवाल मान्य झाला, आणि मोजणीच्या तक्त्यात एक नवा रकाना आला: मोटार बंद होऊन किती तास झाले. बसस्थानकावरून मी चाचांना फोनवर हे सांगत होते तेव्हा मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. चाचा म्हणाले, "आता रडतं कायले? आईले फोन कर आधी."

आज मी जिल्ह्याच्या पाणी धोरणाचं काम बघते. पदवी घेऊन नवीन मुलंमुली आली की पहिला महिना त्यांना चाचांच्या दुकानात पाठवते. मागच्या आठवड्यात चाचांचा फोन आला, तापलेलेच होते. "ह्या पोट्ट्याइले साधा पाना धरता येत नाही, अन् तू यायले सायब करून राह्यली? मायं दुकान हाय का कॉलेज?"

मी म्हटलं, "चाचा, बोलावून घेऊ का परत?"

पलीकडे ते कुणावर तरी ओरडले, "अबे, पाना असा धर!" मग म्हणाले, "राहू दे. अजून दोन पाठव."