जिल्ह्याबाहेरचा जावई

आमच्या शेजारचे नानाजी तसे देवमाणूस, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ऐकायचे नाहीत. नागपूरच्या पाचपावलीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वडिलांच्या वेळेस त्या घरात हातमाग खटखटायचा. नानाजींनी मात्र कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी केली, कपड्यांवरची राख झटकत बसने ये-जा केली आणि सुखाने रिटायर झाले. आता एकच काम उरलं होतं, मुलीचं, काजलचं लग्न. त्यात अटही एकच. मुलगी जिल्ह्याबाहेर द्यायची नाही.

"बंगला नको, गाडी नको. पोरगी हाकेवर पाहिजे, श्रीधरभाऊ," ते मला सांगत. "आईबाप पडले-झडले त तिले येता आलं पाहिजे."

काळजी खरी होती, पण हिशेब अजब होता. भंडाऱ्याचं चांगलं स्थळ त्यांनी दारातूनच परत पाठवलं आणि त्याहून लांब नरखेडच्या मुलाची मात्र हौसेने चौकशी केली, का तर नरखेड आपल्या जिल्ह्यात! मी म्हटलं, "नानाजी, एसटीला जिल्हा कळत नाही, किलोमीटर कळतात." त्यावर माझ्याशी अबोला धरला.

शेवटी मौद्याचा चेतन सापडला. मोटरपंप दुरुस्तीचं स्वतःचं दुकान, हसरा चेहरा आणि जिल्हा नागपूर. काजलला तो बघताक्षणी आवडला, नानाजींनाही आवडला. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली, हॉल ठरला, बुंदीची ऑर्डर गेली. आणि पेपरात बातमी आली की नागपूर जिल्ह्याचे दोन जिल्हे करण्याचा प्रस्ताव आहे. शहराचा एक, ग्रामीणचा दुसरा. मौदा अर्थातच दुसऱ्यात.

सगळं गाव मुख्यालय कुठे होणार यावर भांडत होतं. नानाजी चष्मा पुसून पुसून तीच बातमी वाचत होते.

"अहो, नुसता प्रस्ताव आहे. असे प्रस्ताव येतात नि जातात," मी समजावलं. त्यांना जरा धीर आला. पण त्याच आठवड्यात पेपरात फोटो छापून आला. मौद्याला नव्या जिल्ह्यासाठी उपोषणाचा मांडव पडला होता आणि मांडवात, गळ्यात हार घालून, माईक धरून, सगळ्यांत पुढे चेतन!

"पाहा! माहाच जावई माह्या पोरीले जिल्ह्याबाहेर नेऊन राहिला!" नानाजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. मला हसू आवरेना.

त्यांनी चेतनला फोन लावला. तो बिचारा गोंधळला. "बाबूजी, एका सर्टिफिकेटसाठी दुकान बंद ठेवून नागपूरले यावं लागते. जिल्हा झाला त लोकायची सोय होईन ना." त्याला अटीचा पत्ताच नव्हता. मौदा जिल्ह्यातच आहे म्हटल्यावर ती त्याला सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती. नानाजींनी फोन कापला आणि जाहीर केलं, साक्षगंध रद्द.

काजल पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांना सुया टोचते, ती बापाला काय भिणार? "जिल्हा सरकार ठरवन, बाबा. नवरा मी ठरवीन," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. पण आत ती रडत होती आणि ते माझ्या घरापर्यंत ऐकू येत होतं. नकाशावरच्या रेघेपायी, तीही अजून न ओढलेल्या, पोरीचं लग्न मोडायला निघाले! मला खरंच राग आला. दोन शब्द सुनावायला मी त्यांच्या घरी गेलो.

पण माझ्याआधी पुष्पलताबाई बोलल्या. नानाजींची बायको. त्या तांदूळ निवडत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

"मले आणलं तवा पाहला होता का जिल्हा?"

नानाजींनी पेपर तोंडासमोर धरला.

"माहं तिरोडा तवा भंडारा जिल्ह्यात होतं. मंग गोंदिया जिल्हा झाला. मी इथंच बसून होती अन् माहेर एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेलं. मी काही म्हटलं का?"

"तवाची गोष्ट अलग होती वं," नानाजी पुटपुटले.

"अलग कायची? पोरीले हाकेवर ठेवा म्हणता. मी कोणाच्या हाकेवर होती?"

नानाजींनी पेपर खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं उभ्या संसारात पहिल्यांदाच विचारलं, "तुही आई गेली, तवा तुले भेटली होती का?"

"नाही," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तुमची शिफ्ट होती. आपण दुसऱ्या दिवशी निघालो. तोवर तिले नेलं होतं."

मला तिथे बसवेना आणि उठवेना. नानाजींनी मोबाईल माझ्या हातात दिला. "चेतनले लावून द्या," म्हणाले. मी लावला आणि स्पीकर चालू केला.

"चेतन, जेवला का गा?" त्यांनी आधी विचारलं. मग घसा साफ केला. "ऐक. जिल्हा एक राहो का दोन होवो. इथून फोन आला का काजलच्या आईले बरं नाही, त दुकान उघडं टाकून तिले त्याच वक्ती आणून देशील?"

"हो, बाबूजी. तुमच्यासाठी बी आणीन."

"माहं सोड," नानाजी बायकोकडे बघत म्हणाले. "हिच्यासाठी आणजो."