जावई राक्षसच राहिला

संकलनाच्या टेबलावर थाप मारून आमच्या दिग्दर्शक बाई विचारीत, "हसलास ना? मग राहू दे." मला हसू आले नाही, तर कितीही कष्टाने चित्रित केलेले दृश्य गळत असे. विनोदी चित्रपटासाठी माझ्यासारखा गंभीर संकलक त्यांनी का निवडला, हे मला उशिरा उमगले.

उमेदीत कामगार रंगभूमी गाजवलेल्या या परळच्या बाई साठीनंतर दिग्दर्शक झाल्या. अशी हट्टी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना समजावतो आणि मग हात टेकतो. त्यांची कथा साधी होती. लालबागची एक मुलगी राक्षसाशी लग्न ठरवून त्याला घरी आणते, आणि नातेवाइकांना चिंता एकच: हा मासे खातो की नाही?

राक्षसाचे मुंडके गणपतीच्या कारखान्यात करवून घेतले. मूर्तिकाराने शिंगे, सुळे झकास साधले. पण डोळ्यांची आखणी करताना वर्षानुवर्षांचा हात आपल्या वळणावर गेला आणि राक्षस गणपतीने भक्तांकडे पाहावे तसा कनवाळू पाहू लागला. निर्माता वैतागला.

"याला बघून घाबरणार कोण, बाई?"

"घाबरायचंय कुठं? लग्न करायचंय त्याच्याशी."

पुढे निर्मात्याने अटच घातली: शेवटी राक्षसाचा देखणा तरुण झाला पाहिजे, नाहीतर आपण चित्रपटातून बाहेर पडणार.

"दोनच मिनिटांचा बदल आहे, बाई," मी हळूच सुचवले.

"माझ्या नवऱ्यालाही माहेरून हेच सांगणं होतं रे. आडनाव बदल, मग पानावर बस. त्यानं नाही बदललं. माझ्या बापाच्या घरी एकदाही न जेवताच वारला तो. आता पडद्यावर मी बदलू त्याला?"

बाई माहेरच्या कोळीवाड्यातल्या, नवरा लोअर परळच्या बौद्ध गिरणी कामगाराचा मुलगा. इतकी वर्षे शेजारी बसून मी हे कधी विचारले नव्हते. सल्ला मात्र तत्परतेने दिला.

निर्माता गेला. मुलीच्या बापाचे काम करणारा नटही त्याच्यामागे गेला. तेव्हा बाईंनी त्या कामासाठी आपल्या थोरल्या भावाला बोलावले. बापाचा तो निरोप त्या काळी यानेच आणला होता.

"मला कशाला गं? मला ॲक्टिंग येत नाय."

"ॲक्टिंग नकोय, दादा. वाढायचंय."

शेवटचे दृश्य बाईंच्या खोलीतच घेतले. शिंगे सांभाळत राक्षस पाटावर बसला. म्हाताऱ्याने सुरमईची तुकडी वाढली, "जेव" म्हटले. लिहिलेले तेवढेच होते. पण म्हातारा उठेना. राक्षसाच्या पानाकडे पाहत राहिला आणि पदरचेच बोलला, "लाजू नको, जावया. आनखी घे." आणि त्याने दुसरी तुकडी वाढली. बाईंनी 'कट' म्हटलेच नाही.

चित्रपटगृहांनी आमचा राक्षस घेतला नाही. आम्ही तो चाळींच्या पटांगणांत दाखवतो. लोक पोट धरून हसतात, आणि त्या पानापाशी गप्प होतात.

बाई आता नाहीत. त्या दृश्यात मात्र चौकटीबाहेरून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज येतो. ध्वनिमिश्रण करणाऱ्याने विचारले होते, "हा काढून टाकू, सर?"

आयुष्यात मी क्वचितच कुणावर आवाज चढवला आहे. तेव्हा चढवला.

"हात लावायचा नाही."