कुठं म्हणू नये

घरातून बाहेर पडणं किती अवघड असतं, हे आमच्या आत्याच्या यजमानांनी साऱ्या मोगलाईला दाखवून दिलं होतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. अदालतीत कारकून, अंगात काळी शेरवानी, पायात करकरणारे जोडे आणि डोक्यात एकच खूळ. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारलं, की त्याला टोकलं गेलं. टोकलं की संपलं! माघारी फिरायचं, जोडे काढायचे, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. आता ही समजूत आपल्याकडं घरोघर आहे, नाही कोण म्हणतो? माझी आईसुद्धा 'कुठं'ऐवजी 'कुणीकडं' म्हणायची. पण मामा ती सरकारी हुकुमासारखी पाळत. आणि राहायचे कुठल्या गावात? तर धाराशिवात. कागदोपत्री उस्मानाबाद. इथं दारासमोरून माणूस गेला, की "कुठं निघालाव?" हे तोंडातून आपोआप बाहेर पडतं. त्यात उत्तराची अपेक्षासुद्धा नसते.

गल्लीत आधी न्हावी, मग तेली, कोपऱ्यावर फुलं विकणारी काशीबाई. न्हाव्याकडून सुटले, तर तेल्यापाशी अडकायचे. "झालं! टोकलंस मेल्या!" असं ओरडत मामा उलटे फिरायचे आणि घरात आत्या पाण्याचा तांब्या पुढं करायची. अदालतीतल्या साहेबांनी उशिराचं कारण विचारलं, की मान खाली घालून म्हणायचे, "हुजूर, रास्ते में टोक दिया." साहेबांनी शेवटी वैतागून बाबूमियाँ नावाचा चपराशी दिला. तो मामांच्या पुढं "कोई मत पूछो!" असं ओरडत चालायचा. परिणाम असा झाला, की एरवी घरात असणारी माणसंही काय गडबड आहे ते बघायला दारात आली आणि सगळ्यांनी मिळून विचारलं, "का हो बाबूमियाँ, मामांना घेऊन कुठं निघालाव?"

माझ्यासाठी लोहाऱ्याला मुलगी बघायला जायचं होतं. वडीलधारे म्हणून मामाच पाहिजेत, असं आत्याचं म्हणणं. सकाळी निघालेलो आम्ही गावातच इतक्या वेळा बसलो-उठलो, की लोहाऱ्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पोहे गार, मुलीचे वडील गरम. मुलगीही इतकी चिडली होती, की चहा ठेवताना कपबशी आपटली. तीच माझी बायको. त्या दिवसाचा उशीर ती अजून मला ऐकवते, जसं काही मीच रस्त्यात पाणी पीत बसलो होतो!

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या आगेमागे आत्या गेली. मामा एकटे पडले. डोळ्यांत मोतीबिंदू, चुलीवर हात भाजून घ्यायचे आणि "काही नाही रे, जरा चटका बसला," म्हणायचे. पुण्याला असलेल्या मुलानं कायमचं तिकडंच बोलावलं. त्यांना येडशी स्टेशनावर नेऊन गाडीत बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. येडशीपर्यंत बैलगाडी, तिथून ती छोटी रेल्वे. पहिल्यांदा तेल्यानं टोकलं, गाडी चुकली. दुसऱ्यांदा काशीबाईनं टोकलं, गाडी चुकली. माझं डोकंच फिरलं. मी दारोदार जाऊन हात जोडले. "उद्या मामा निघणार आहेत. कुणी 'कुठं' म्हणायचं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरा, पण विचारू नका!"

काशीबाई म्हणाली, "न्हाय इचारणार बाबा. पर इचारल्याबिगर माणसाला सोडायचं तरी कसं?"

दुसऱ्या दिवशी बैलगाडी गल्लीतून निघाली. सगळे दारात उभे, पण एकाच्याही तोंडून शब्द नाही. न्हाव्यानं नुसती मान हलवली. तेली खाली बघत राहिला. काशीबाईनं मामांच्या ओंजळीत शेवंतीची फुलं दिली आणि पदर तोंडाला लावला. मामा गाडीतून वाकून वाकून एकेकाचं तोंड बघत होते. म्हातारा बाबूमियाँ कोपऱ्यावर आला होता, त्याला तर आपणहून म्हणाले, "निघालो बरं का, बाबूमियाँ!"

"जी हुजूर," एवढंच तो म्हणाला आणि सलाम करून मागं सरला.

मी मनात खूश. गाव मागं पडलं, हातलाईचा डोंगर तेवढा मागं दिसत उरला. गाडी आज नक्की मिळणार! इतक्यात मागून मामांचा आवाज आला.

"सारी हयात ह्या गावात काढली रे. आज जाताना एकानंबी विचारलं नाही, कुठं निघालाव म्हणून."

आता मात्र कमाल झाली! "अहो मामा, विचारलं तर तुम्ही बसता, नाही विचारलं तर रडता! माणसानं करायचं तरी काय?"

"तुझं बरोबर हाय," ते फुलांकडं बघत म्हणाले. "पण पुण्यात कोण विचारणार हाय मला?"

मी सूर्याकडं बघितलं. येडशी अजून लांब होती. दोनदा चुकलेली गाडी आठवली, घरी वाट बघणारी बायको आठवली, ती काय बोलेल तेही आठवलं. मग मी चांगला मोठ्यानं विचारलं,

"का हो मामा, कुठं निघालाव?"

"झालं! टोकलंस मेल्या!" मामा केवढ्यानं ओरडले! बैलसुद्धा थांबले. लगबगीनं उतरले, जोडे काढले आणि लिंबाखाली गावाकडं तोंड करून ऐसपैस बसले. मी तांब्या दिला. घोटभर पाणी प्यायला त्या दिवशी त्यांना ऊन उतरेपर्यंत वेळ लागला. गाडी चुकलीच.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले. पुढं त्यांचा मुलगा भेटला, की कौतुकानं सांगायचा, मामा पुण्यात आता सगळीकडं अगदी वेळेवर पोचतात. मला ते ऐकवत नसे.